सूतभर चूक

मिस्त्रींच्या दुकानात मोडकी खुर्ची टाकली की ती परत मिळण्याआधी एक कोडं पदरात पडायचं. रंधा थांबायचा नाही, मान वर व्हायची नाही, आणि सालपटांच्या ढिगाऱ्यामागून प्रश्न यायचा, "एक फळी आहे. करवत दोनदाच चालवायची. तुकडे मात्र चार हवेत. सांगा कसे?"

"दोनदा कापलं तर तीनच होणार हो मिस्त्री."

"मग खुर्ची परवा."

"आणि उत्तर आलं तर?"

"तर उद्या."

नवीन गिऱ्हाईक वैतागायचं. जुनं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात हजर. "पहिल्या कापाचे दोन तुकडे एकावर एक ठेवायचे आणि मग करवत चालवायची! रात्रभर बायकोला झोपू दिलं नाही मी." मिस्त्री तेव्हा कुठे मान वर करायचे आणि कानामागची चपटी पेन्सिल काढून फळीवर एक छोटी बरोबरची खूण करायचे. गल्लीतले लोक म्हणायचे, मिस्त्रींना काम वेळेवर देता येत नाही म्हणून ते कोडी घालतात. यात थोडं तथ्य होतं. पण थोडंच.

खरं म्हणजे त्यांना त्यातली गंमत हवी असायची. फळीच्या टोकाचं कुसू नीट तासलेलं असलं की दुसऱ्या फळीच्या खाचेत बसताना एक बारीक 'टक्' होतो, आणि मग खिळाही लागत नाही, सरसही लागत नाही. कोडं सुटताना डोक्यात नेमका तसाच 'टक्' होतो, असं त्यांचं म्हणणं. हा आवाज ऐकायला माणसं काय काय करतात! मिस्त्री सहा तुकड्यांचा एकमेकांत अडकणारा लाकडी क्रूस करायचे. एक पेटी त्यांनी अशी केली होती की तिला ना कडी, ना किल्ली. उलटी धरून फुंकर घातली तरच उघडायची. बायको म्हणायची, "घरातल्या कपाटाचं दार तीन वर्षं लोंबतंय, आणि यांच्या पेट्या फुंकरीवर उघडतायत."

या सगळ्यात वरचं स्थान होतं शुक्रवारच्या साप्ताहिकातल्या शब्दकोड्याला. मिस्त्री चौथीपर्यंतच शाळेत गेले होते. वडिलांचा हात करवतीत सापडला आणि पोराच्या हातात पाटीच्या जागी पटाशी आली. पण वाचायची आवड टिकली. शुक्रवारी साप्ताहिक आलं की ते प्लायवुडचा एक तुकडा घ्यायचे, गुण्या लावून काटकोनात घरं आखायचे आणि त्यात अक्षरं भरायचे. वर्तमानपत्रावर कधीच लिहायचे नाहीत. "लाकडावर चुकलं तर रंधा मारता येतो," हे त्यांचं कारण.

उत्तर मात्र त्यांनी अकरा वर्षांत एकदाही पाठवलं नव्हतं. कोड्याखाली बारीक टाइपात एक ओळ असायची, 'ऱ्हस्व-दीर्घाची चूक असलेले उत्तर बाद ठरेल.' त्या ओळीशी मिस्त्रींचं जुनं वैर. शब्द त्यांना सगळे यायचे, पण वेलांटी कुठल्या बाजूला वळते आणि उकार कुठे फुगतो, इथे गाडी अडायची. पुढच्या शुक्रवारी उत्तरं छापून आली की ते प्लायवुड काढून ताडून बघायचे, आणि एखाद-दुसरा शब्द निघायचाच. तो शब्द ते दुकानातल्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूला, पेन्सिलीने शुद्ध लिहून ठेवायचे. दार उघडल्याशिवाय कुणाला दिसू नये असा. अकरा वर्षांत ते दार जवळजवळ खालपर्यंत भरलं होतं.

"बाबा, पाठवा की एकदा," लेक म्हणायची. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. "नाव छापून येतं."

"दारावर पाटी आहे ना नावाची? बस झालं."

एका शनिवारी सकाळी मात्र मिस्त्री प्लायवुड हातात घेऊन स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला टेकून उभेच राहिले.

"काय झालं? हात कापला का?" बायकोने विचारलं.

"नाही. हे बघ ना जरा," ते लेकीला म्हणाले. "नऊ आडवा. 'विणकराच्या मागावर चढते', दोन अक्षरं."

"सूत," लेक चहाचा कप न ठेवता म्हणाली.

"नऊ उभा. 'लाकडाशी बोलणारा', तीन अक्षरं."

"सुतार. स्वतःचाच धंदा विचारताय होय?"

"दोघांचं पहिलं घर एकच आहे. त्यात काय लिहू? सू की सु?"

लेकीने प्लायवुड हातात घेतलं, फिरवलं, परत दिलं. "काहीतरी दुसरा शब्द असेल. छापलेलं असं चुकत नसतं, बाबा. तुम्ही म्हणजे लगेच सुतावरून स्वर्ग गाठता."

"आता काय म्हणालीस? सुतावरून. त्यात सु कसा?"

"ऱ्हस्व."

"आणि नुसतं सूत?"

"दीर्घ." लेकीने आता कप खाली ठेवला. "पण... सुत असाही शब्द आहे. म्हणजे मुलगा."

"मुलगा मागावर चढवतात का?" बायको मध्येच बोलली.

मिस्त्री हसले नाहीत. बाकी कुठल्याही शब्दाला ते मागे सरले असते. अकरा वर्षं सरत आलेच होते. पण हा शब्द त्यांचा होता. दुसरीत असताना वडिलांचा धंदा लिहा म्हटल्यावर त्यांनी पाटीवर 'सूतार' लिहिलं होतं. गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर पाटी उंच धरली होती आणि म्हटलं होतं, "बापाचा धंदासुद्धा नीट लिहिता येत नाही याला." मग शंभर वेळा सुतार, सुतार, सुतार. तो उकार त्यांच्या मनगटात बसला होता. जगात एका शब्दाबद्दल त्यांना खात्री असेल, तर ती याच.

तरी दिवसभर रंधा मारताना मनात एकच घोळत होतं. आपण चौथी शिकलेले. तिकडे कोडं घालणारा कुणी मोठा विद्वान असणार. कोड्याखाली नाव नसायचं, फक्त 'कोडेकार'. मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर दाढीवाले, जाड पुस्तकांमागे बसलेले एक गृहस्थ यायचे. त्यांना आपण सांगायचं? आणि आपलंच चुकलं असलं तर? पुन्हा पाटी उंच.

दुपारी त्यांनी करवत ठेवली, हात धुतले आणि वहीचं पान फाडून लिहिलं:

'महाशय, आपल्या या आठवड्याच्या कोड्यात एक चुक आहे. आडवा नऊ आणि उभा नऊ यांचे पहिले घर एकच आहे. सूत दीर्घ आणि सुतार ऱ्हस्व. एका घरात दोघे राहू शकत नाहीत. मी स्वतः सुतार आहे, त्यामुळे खात्री आहे.'

खाली नाव, दुकानाचा पत्ता. पत्र लेकीला दाखवावं असं वाटलं, पण मग ते लेकीचं झालं असतं. कोपऱ्यावरच्या पत्रपेटीत टाकून ते परतले तेव्हा शिटी वाजवत होते.

शिटी रविवारपर्यंत टिकली. रविवारी लेक वह्या तपासत बसली होती. मिस्त्री तिच्या खांद्यावरून बघत होते. तिने एका गणितावर फुली मारली आणि बाजूला लिहिलं, 'चूक'.

"हा चू असा का काढलास?"

"कसा?"

"लांब. दीर्घ."

"चूक दीर्घच असते, बाबा. चुकीचं म्हणताना ऱ्हस्व होते." मग तिने वर पाहिलं. "का हो? चेहरा का असा झाला?"

मिस्त्री खाली स्टुलावर बसले. सगळं सांगितल्यावर लेकीने तोंडावर हात धरला, पण खांदे हलायचे ते हललेच. बायको आतून ओरडली, "दुसऱ्याची चूक दाखवायला गेले आणि चूकच चुकली! कोडं आहे की काय हे?"

"हसा," मिस्त्री म्हणाले. "हसून घ्या."

सोमवारी सकाळी ते पत्रपेटीपाशी गेले, पण पेटी उघडून पत्रं नेलेली होती. मंगळवारी दुकान अर्धं बंद करून, धुतलेला शर्ट घालून ते साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. छापखान्याच्या वर अरुंद जिना, मग एक लांबट खोली, भिंतीलगत जुन्या अंकांचे गठ्ठे. खिडकीजवळच्या टेबलावर जाड चष्म्याच्या एक वृद्ध बाई लाल पेन्सिल घेऊन कागदावर वाकल्या होत्या.

"कोडेकार साहेब आहेत का?"

"साहेब नाहीत."

"कधी येतील?"

"साहेब कधी नव्हतेच. तीस वर्षं कोडं मीच घालते. काय काम होतं?"

मिस्त्रींच्या डोळ्यांसमोरची दाढी एकदम गळून पडली. "शनिवारी एक पत्र टाकलं होतं. ते परत हवं होतं."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "तुम्ही सुतार?"

"हो. पत्रात एक... ते 'चूक' आहे ना..."

"पाहिली मी ती. ऱ्हस्व काढलीत."

"द्या मग परत. दुसरं लिहून देतो."

"मिस्त्री, बसा जरा." बाईंनी खुर्ची पुढे केली. "मूळ शब्द 'सुतळी' होता. शेवटच्या क्षणी एक घर काळं करावं लागलं. सुतळीचं सूत केलं, सूचक शब्द बदलला, पण त्याने उकारही बदलतो हे लक्षातच आलं नाही. कोडं छापून गेल्यापासून त्रेसष्ट उत्तरं आलीत. त्यातल्या कुणी सू लिहिलंय, कुणी सु. एका बाईंनी तर असा गोल काढलाय की काहीही वाचावं. पण तुमच्याशिवाय एवढ्या लोकांतून एकानेही कळवलं नाही. काल तुमचं पत्र आल्यापासून मी विचार करतेय, लोकांना दिसलं नाही, की दिसूनही म्हणाले, जाऊ दे म्हातारीचं?"

"आम्हाला काय माहीत म्हातारी आहे ते," मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं.

बाई हसल्या. लिहायला त्या टेबलावर रेलल्या तसं टेबल डुगडुगलं. एका पायाखाली घडी घातलेला कागद होता. मिस्त्री नकळत खाली वाकले.

"पाय सूतभर कमी आहे."

"सूतभर म्हणजे किती?"

"इंचाचा आठवा भाग. आमच्यात सूत म्हणजे माप."

बाईंनी ताबडतोब समोरच्या कागदावर ते टिपून घेतलं. "आणि मी इतकी वर्षं धाग्यालाच धरून बसले होते. बरं, आता कामाचं. तुमचं पत्र शुक्रवारी छापायचं आहे. 'चू' मला दीर्घ करून घ्यावा लागेल. माझं कामच आहे ते."

मिस्त्रींना एकदम सुटल्यासारखं वाटलं. कुणालाही कळणार नव्हतं. छापील पत्र, खाली आपलं नाव, सगळं शुद्ध. ते उठले, दारापर्यंत गेले, आणि तिथे थांबले.

"तुमची चूक पण दुरुस्त करून कोडं परत छापणार का?"

"छे. झाली ती झाली. कोडं तसंच राहील, खाली खुलासा येईल."

"मग माझीही तशीच राहू द्या. खाली खुलासा द्या."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "लोक हसतील."

"घरचे हसून झालेत. ते जास्त अवघड असतं."

शुक्रवारी पत्र छापून आलं. 'चुक' जशीच्या तशी. खाली खुलासा होता, 'कोड्यात आमचा उकार चुकला, पत्रात वाचकांचा. दोघेही सूतभर चुकले. वाचकांनी आमची चूक आधी पकडली, म्हणून पहिला मान त्यांचा. — कोडेकार.' दिवसभर दुकानात माणसं येत राहिली. खुर्ची टाकायला नाही, चिडवायला. "काय मिस्त्री, चुक ऱ्हस्व?" मिस्त्री रंधा न थांबवता म्हणायचे, "ऱ्हस्वच बरी. लांबवायची कशाला?" एका पोक्त गृहस्थांनी सगळे गेल्यावर हळूच विचारलं, "मिस्त्री, खरं सांगू? मलाही ठाऊक नव्हतं. नक्की कसं असतं हो ते?" मिस्त्रींनी त्यांना कपाटाचं दार उघडून दाखवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते दार दुसऱ्या कुणासमोर उघडलं होतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ते पाचर घेऊन कचेरीत गेले आणि टेबलाचा पाय नीट करून आले. येताना एक सूचक वाक्यही देऊन आले, 'सुताराच्या हातात काटकोन, आणि संसारात गोविंदाबरोबर नांदतो, दोन अक्षरं.' बाईंना 'गुण्या' सुचायला अर्धं मिनिट लागलं, आणि मिस्त्रींना ते अर्धं मिनिट फार गोड लागलं.

"बरंच सूत जुळलंय त्या बाईंशी," बायको म्हणाली.

"ऱ्हस्व की दीर्घ?"

"ते मला विचारू नका. जेवायला बसा."

पुढच्या कोड्याचं उत्तर मिस्त्रींनी शाईने भरून, लेकीला न दाखवता पाठवलं. आठवड्याने ते पोस्टाने परत आलं. लाल पेन्सिलीने एका शब्दाभोवती गोल होता आणि बाजूला लिहिलं होतं, 'बावीस बरोबर. कुलूप — लू दीर्घ. उत्तर बाद.'

लेक रागावली. "इतकं केलंत त्यांच्यासाठी, आणि एवढंसं सोडता आलं नाही?"

"सोडलं असतं तर मी पुन्हा कधी उत्तर पाठवलं नसतं," मिस्त्री म्हणाले. आयुष्यभर दारांना कुलपं बसवली आणि तेच चुकलं, हे त्यांना इतकं पटलं की ते एकटेच हसत दुकानात गेले. कपाटाच्या दारावर खाली जेमतेम एका ओळीची जागा उरली होती. तिथे त्यांनी 'कुलूप' लिहिलं, आणि दार बंद न करता कामाला बसले.