आत्याबाईंच्या गोठ्यातली माणसं

नाक देवाने सगळ्यांनाच दिलं, पण ते कशासाठी दिलं हे पुण्यापासून लोणावळ्यापर्यंत एकट्या आमच्या आत्याबाईंनाच कळलं होतं, असं मी शपथेवर सांगेन. आत्याबाई म्हणजे माझ्या यजमानांच्या सख्ख्या आत्या. चिंचवडच्या गावठाणात राहायच्या. कुणाच्या घरी आमटी करपली आणि कुणी ती गूळ घालून झाकली, हे त्या ओसरीवर बसल्या बसल्या सांगत. पाहुणा दारात आला की "या" म्हणायच्या आधी एकदा हुंगत, आणि मगच पाट मांडायचा की तांब्याभर पाण्यावर बोळवण करायची ते ठरवत.

या नाकाला खरं काम लागलं ते दारूबंदीनंतर. कायदा आला तशी दारू गेली, असं पुस्तकात असेल. आमच्याकडे ती फक्त गावातून उठून ओढ्याकाठच्या झाडीत राहायला गेली. पिंपरीकडे नवे कारखाने निघत होते, खेड्यापाड्यांतून माणसं कामाला येत होती, आणि सुट्टी झाली की त्यातली बरीचशी सरळ घरी न जाता झाडीच्या वाटेने जात होती. त्यांत आमचे हे होते. फिटरच्या हाताखाली काम, हात सोन्यासारखे, पण संध्याकाळ झाली की ते हात थरथरायला लागत. दोन वर्षं मी रडले, भांडले, देवाला नवस बोलले आणि शेवटी एक पत्र्याची पेटी उचलून खेडला माहेरी निघून आले.

मी गेल्यावर आत्याबाई भाच्याला दंडाला धरून आपल्या गोठ्यात घेऊन गेल्या. हो, गोठ्यातच. त्यांचे यजमान वारल्यावर त्यांनी बैल विकले होते आणि गोठा सारवून, चुना लावून तिथे बाजा टाकल्या होत्या. पाच-सहा जण तिथे राहत. कुणी बायकोने घालवलेला, कुणी भावाने. "माजी जनावरं," आत्याबाई म्हणत, "पर बैल बरं व्हतं, ते पाणीच प्यायचे."

नियम सोपा होता. दिवेलागणीला सगळ्यांनी ओसरीपुढे उभं राहायचं आणि एकेकाने आत्याबाईंच्या तोंडासमोर "हाऽ" करायचं. वास आला नाही तर ओसरीवरच्या फडकं बांधलेल्या डेऱ्यात हात घालायचा आणि हाताला लागेल ते घ्यायचं. साबणाची वडी, नारळ, फणी, गुडदाणी, एखादा नवा कोरा टॉवेल. हे सगळं त्या मळ्यातली वांगी विकून आणत. आठवडाभर नीट राहिलेल्याला दोनदा हात, पुढच्या आठवड्याला तीनदा. मध्ये कुणी घसरला तर त्या दिवशी हात नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकापासून सुरुवात. पण शिवी नाही, मार नाही, बाहेर काढणं तर नाहीच. "पडला तर पडू दे, उठायची जागा हितंच हाय," एवढंच त्या म्हणत आणि ताट वाढत.

डेऱ्यात निम्मे सागरगोटे असत. सागरगोटा निघाला तर वस्तू नाही, आत्याबाई उठून पाठीवर थाप मारत आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं "शाब्बास रं माज्या वाघा!" म्हणत. पहिल्यांदा सगळे हिरमुसत. पण पुढे पुढे म्हणे एक थोराड लोहार हाताला लागलेला साबण परत टाकून सागरगोटा चाचपडू लागला. जन्मात त्याला कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं.

फसवणारेही होतेच. एका कोकणातल्या गड्याने पोटाच्या औषधाची बाटली पुढे केली. "आसव आहे हो आत्याबाई, वैद्याने दिलंय."

आत्याबाईंनी बूच काढून हुंगलं. "व्हय, आवशदच हाय. पर अर्धी बाटली एका दमात म्हंजी तुजं पोट लईच आजारी दिसतंय. आज भाकरी नगं, नुसती पेज घे."

आमचे हे तिथे राहिले, घसरले, पुन्हा उभे राहिले. मग बरेच आठवडे घसरलेच नाहीत. तेव्हा आत्याबाईंनी त्यांना सर्वांत मोठं बक्षीस कबूल केलं आणि ते न्यायला खेडला आमच्या दारात हजर झाल्या. ते बक्षीस म्हणजे मी.

"चल पोरी, त्यानं मिळिवलीया तुला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी काय तुमच्या डेऱ्यातला नारळ आहे?"

आई मला गप्प करायला धावली. आत्याबाई मात्र खाली बसल्या. मग म्हणाल्या, "न्हाई. चुकलं माजं. त्येचं बक्षीस ठरिवलं आन तुला इचारलंच न्हाई." चहासुद्धा न घेता त्या परतीच्या एसटीने गेल्या.

तिकडे हे डोक्याला तेल लावून, नवा सदरा घालून दारात उभे होते. आत्याबाईंनी एकट्याने उतरून खरं ते सांगितलं, "ती माजी द्यायची वस्तू नव्हती, बाबा." हे तसेच ओढ्याच्या वाटेने निघून गेले. गोठ्यातल्या प्रत्येकाला ती वाट कुठे जाते ते ठाऊक होतं. आत्याबाई म्हणे देवापुढेही बसल्या नाहीत, ओसरीवरच खिळून राहिल्या. दिवे लागले. हे आले, पायांना ओढ्याचा चिखल पण पावलं स्थिर, सरळ पुढे उभे राहिले आणि म्हणाले, "हाऽ." त्या दिवशी आत्याबाईंच्या नाकाला वास कळेना, कारण ते रडून बंद झालं होतं.

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा खेडला आल्या, या वेळी मांडीवर डेरा घेऊन. कंडक्टरने त्याचं तिकीट मागितलं, तर म्हणाल्या, "तान्ह्या लेकराचं मागतोस व्हय?" आमच्या ओसरीवर डेरा ठेवून त्यांनी फडकं सोडलं.

"घाल हात. पिणारा थांबला की सगळी कवतिक करत्यात. त्येच्यासाठी जी थांबून ऱ्हाती तिला कुनी काय देत न्हाई."

मी हात घातला. सागरगोटा निघाला. आत्याबाई उठल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि या खेपेस ओरडल्या नाहीत, हळूच म्हणाल्या, "शाब्बास गं." मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून जी रडले, तशी त्या दोन वर्षांतही रडले नव्हते.

महिन्याभराने मी चिंचवडला गेले, माझी मी, एसटीने. आमचा संसार पुन्हा लागला. त्यांचे हात पुन्हा कधी थरथरले नाहीत, असं म्हणवत नाही. पण थरथरले की ते चालत आत्याबाईंकडे जात आणि बरे होऊन येत.

एकदा दुपारी आम्ही दोघी पावट्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी सहज विचारलं, "आत्याबाई, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?"

त्यांनी मान वर केली नाही. "आमचं मालक बी प्यायचं," त्या म्हणाल्या. मला हे ठाऊकच नव्हतं. "त्यांस्नी मी निस्त्या शिव्या दिल्या. एकदा घरात घेतलं न्हाई. सकाळी गोठ्यात गार पडल्यालं सापडलं. दुसरं काय देता येतं ते मला तवा ठावं नव्हतं."

मी सुपातल्या त्यांच्या वाटच्या शेंगा माझ्याकडे ओढल्या आणि सोलू लागले. बाहेर उन्हं कलत होती, कारखान्याचा भोंगा झाला होता. आत्याबाई हात पुसत उठल्या आणि चूल पेटवायला आत गेल्या. माणसं घरी यायची वेळ झाली होती.