फॉर्मवरचा माझा नंबर

आमच्या घरात कुठलाही फॉर्म भरायचा झाला, की मोबाईलच्या रकान्यात माझा नंबर पडतो. रेशन कार्ड, गॅस, कारखान्यातली उसाची नोंद, मुलीची दहावी-बारावी, सगळीकडे तोच. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात बहुतेक घरांत हीच रीत आहे. मुलीने ऑडिओलॉजीच्या एम.एस्सी.साठी चार ठिकाणी अर्ज केले, तेव्हाही तिने न विचारता माझाच नंबर लिहिला. तो तिने लिहायला नको होता.

मी तोफखान्यात नोकरी केली. तोफांनी माझे कान नेले, पण हे मी कधी कबूल केलं नाही. आम्ही तोफखान्यातले तिघे पेन्शनर चहाला बसलो, की येणारा-जाणारा विचारतो, "भांडताय का रं गड्यांनो?" आम्ही आपले पाण्याच्या पाळीबद्दल बोलत असतो. कान तपासायचं कुणी नाव काढलं, की मी उठून जायचो. आणि माझ्याच मुलीने पुण्याला राहून कानाची पदवी घेतली.

अर्जाबरोबर निबंध द्यायचा होता, ही शाखा का निवडली म्हणून. तो इंग्रजीत होता. एकदा जेवताना तिने तो मला मराठीत, मोठ्या आवाजात सांगितला.

"दुसऱ्या ओळीतच तुमी हायसा, आबा."

तिने लिहिलं होतं, माझे वडील जेवताना सगळ्यांच्या नंतर हसतात. आधी आमच्या तोंडांकडे बघतात, सगळे हसत आहेत याची खात्री करतात आणि मग हसतात.

माझा घास हातातच राहिला. हे कुणाला कळत नसेल असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

"माझं बहिरेपण मुलूखभर सांगत सुटलीस व्हय?"

"आवं, त्यात लाजायचं काय? मी ह्यात पडले ते तुमच्यामुळंच."

मी ताटावरून उठलो.

दोन ठिकाणांहून नकार आला. तिसरीकडून काहीच आलं नाही. नकार आला, की ती तो स्वतःच वाचून दाखवायची, 'कळवण्यास खेद होतो', आणि म्हणायची, "खेद त्यास्नी, ताप आपल्याला." हसायची, पण त्या दिवशी जेवायची नाही. चौथं कॉलेज कर्नाटकातलं. तिथे ती वेटिंग लिस्टवर तिसरी होती. सगळा जीव तिने त्या एका जागेवर ठेवला होता.

मी उसाला पाणी देताना वेळ बघायला फोन काढला, तर मेसेज आलेला. जागा रिकामी झाली आहे, उद्या संध्याकाळी पाचपर्यंत होकार कळवा. फौजेतल्या इंग्रजीवर एवढं मला वाचता येतं. मी फोन खिशात टाकला, घरी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरची मंडळी तिला बघायला येणार होती. आणखी दोन वर्षं शिकली तर वय वाढेल, मग स्थळं कुठून आणायची, असं मी स्वतःला सांगितलं. पुढे लोकांनाही हेच सांगितलं असतं. खरं कारण वेगळं होतं. त्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनी दुसरी ओळ वाचली असेल, माना हलवल्या असतील, आणि माझ्या बहिरेपणावर तिला जागा दिली असेल, हे मला सोसलं नाही.

संध्याकाळी तिला मैत्रिणीकडून कळलं, की यादी पुढे सरकली आहे. ती लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी बसली. आत शिरायला ओटीपी लागत होता.

"आबा, ओटीपी आला का?"

मी खिशातून फोन काढला. सहा आकडे समोर होते.

"न्हाई. रेंज न्हाई."

"परत पाठवते."

परत आला. परत मी नाही म्हणालो. तिसऱ्यांदा पाठवून ती माझ्याकडे बघत राहिली.

"न्हाईच आला?"

"न्हाई म्हणलं न्हवं!"

तिने लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले तेव्हा ती चहाचा ट्रे घेऊन पाहुण्यांसमोर उभी होती. मुलाचे काका म्हणाले, "कानाची डॉक्टर व्हय? मंग आमच्या वैनीला मशीन बसवू नगा. तिला ऐकू येत न्हाई म्हणून तर घरात शांतता हाय." सगळे हसले. मग मी हसलो.

आठवड्याने इस्लामपूरहून नकार आला, पत्रिका जुळत नाही म्हणून. पण त्याआधीच, पाहुणे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी तिला नवा आलेला ओटीपी सांगितला होता. 'मुदतीत उत्तर न आल्याने जागा पुढील उमेदवारास दिली.' हेही तिने वाचून दाखवलं. महिन्याभरात सांगलीला कानाच्या मशीनच्या दुकानात नोकरीला लागली.

यंदा बायकोच्या हट्टापायी मी त्या दुकानात गेलो. मुलीने मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि सांगितलं, "आवाज आला की बटन दाबा." जाड आवाजांना मी बटन दाबलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं मशीन बंद पडलं, पण काचेपलीकडे तिचा हात चालूच होता.

ती आत आली. हातातल्या कागदावर माझ्या ऐकण्याची रेघ खाली घसरत गेलेली.

"बारीक आवाज येत न्हाईत तुमाला. फोनवर मेसेज आला की टिंग वाजतं, तेबी येत न्हाई."

"माझा फोन मेसेजला वाजतच न्हाई."

"वाजतोय की." ती हेडफोनची वायर गुंडाळत होती. "तवा तीनदा वाजला."

"मग तवाच का बोलली न्हाईस?"

"मी तीनदा विचारलं, आबा." एवढं म्हणून तिने दार उघडलं आणि बाहेर हाक दिली, "फुडचं कोण हाय?"

मी माफी मागितली नाही. लिहिताना वाटतं, तेव्हा मागायला हवी होती.

आता माझ्या कानात मशीन आहे. तिने पुन्हा अर्ज भरलेत, हे मला बायकोकडून कळलं. नंबर तिने स्वतःचा दिला आहे, निबंधही नवा लिहिला आहे. एका रविवारी ती घरी आली, तेव्हा धीर करून म्हणालो, "वाचून दाखव की. आता ऐकू येतंय."

"त्यात तुमी न्हाईसा, आबा," ती म्हणाली. "काळजी करू नगा."

यादी लागली का, तिचा नंबर कितवा, मला ठाऊक नाही. खिशातला फोन टिंग करतो तो मला आता ऐकू येतो. दरवेळी काढून बघतो. कधी गॅसचा मेसेज असतो, कधी कारखान्याचा.