वन्सं आणि काळुंदराचे खवले

संबंध रत्नागिरी जिल्ह्यात मच्छी मार्केटात जाऊन 'मासा नको, नुसते खवले द्या' असं म्हणणारी एकच बाई निपजली, आणि ती नेमकी माझी थोरली नणंद. आमचं घर तसं कांदासुद्धा चातुर्मासात उंबऱ्याबाहेर ठेवणारं. अशा घरातली लेक डोक्याला रुमाल बांधून, हातात स्टीलचा डबा आणि बारीक चिमटा घेऊन सकाळी सकाळी बंदरावर जाते, हे सासूबाई हयात असत्या तर त्यांना कोणी आणि कसं सांगितलं असतं, याचा विचार करून मी कित्येकदा एकटीच हसले आहे.

वन्सं मुंबईला एका मोठ्या संशोधन संस्थेत होत्या. लग्न केलं नाही. 'राहून गेलं' एवढंच त्या सांगत, एखाद्या दुकानातून कोथिंबीर आणायची राहून जावी तशा सुरात. शरीरातल्या पेशीच्या आत मालाची ने-आण कशी होते, हा त्यांचा जन्माचा विषय. मी लग्न होऊन आले तेव्हा नव्या भावजयीशी काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी मला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं: "सुमन, पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी असं तुला शाळेत शिकवलं असेल, तर ते विसर." मला शाळेत काय शिकवलं होतं ते मी आधीच विसरले होते, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. पेशीच्या आत म्हणे अतिशय बारीक नळ्यांचं जाळं असतं. सूक्ष्मनलिका. त्यांच्यावरून सामानाची गाठोडी इकडून तिकडे ओढत नेली जातात, कुठली पेशीच्या कडेच्या पटलापर्यंत जाऊन बाहेर पडतात, कुठली बाहेरून आत येतात. या नळ्या थंडीत विरघळतात आणि ऊब मिळाली की पुन्हा उभ्या राहतात. हे सगळं सांगताना वन्संचे हात हवेत असे चालत की समोरच्याने चहाचा कप आधी बाजूला घ्यावा.

आणि या बाईला स्वतःला म्हणून कुठे वेळेवर, नीट पोचता येत असेल तर शपथ! कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती, पण वन्संचा विश्वास एसटीवर. मुंबईहून येताना सावर्ड्याला चहाला उतरल्या आणि चहा पिऊन शेजारच्या उलट्या दिशेच्या गाडीत जाऊन बसल्या. चिपळूण पुन्हा दिसलं तेव्हाही त्यांना 'गाव ओळखीचं वाटतंय' एवढंच वाटलं. शेवटी महाडहून घरी फोन. आमचे हे, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, स्टँडवर ताटकळून नुकते परतलेले. "ताई, अगं कंडक्टरने तिकीट नाही विचारलं?" "विचारलं. मी दाखवलं. तो म्हणाला, बाई, हे रत्नागिरीचं आहे. मी म्हटलं, हो, तिथेच चाललेय."

त्या आल्या त्या काळुंदर माशासाठी. खाडीत मिळणारा हा मासा, अंगावर काळसर पट्टे. त्याच्या खवल्यात काळ्या रंगाच्या पेशी असतात आणि त्यांच्यातले रंगाचे कण नळ्यांवरून सारखे मध्यावर येतात, पुन्हा कडेला पसरतात. कण गोळा झाले की खवला फिका दिसतो, पसरले की काळा. सगळी वाहतूक साध्या सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी दिसते. पण मुंबईला पोचेपर्यंत मासा मरून जाई आणि खवले निकामी होत. संस्थेतली तरुण मंडळी काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर काम करत आणि वन्संच्या खवल्यांना जुनाट म्हणत. म्हणून वन्संनी लांब रजा काढली, सूक्ष्मदर्शक गोधडीत गुंडाळला आणि माहेर गाठलं. आमचं मागच्या अंगणातलं न्हाणीघर रिकामं होतं. चुलवणाच्या जागी टेबल आलं, खिडकीला काळा कागद लागला. आमच्या फ्रिजमध्ये कोकमाच्या आगळाशेजारी खवल्यांची डबी राहणार म्हटल्यावर मात्र मी हात टेकले. शेवटी वरचा कप्पा देवाचा, खालचा संशोधनाचा, अशी वाटणी झाली.

बंदरावर द्वारकामावशी नावाची मासे विकणारी होती. खाडीचा जिवंत मासा तिच्याकडेच मिळे. पहिल्या दिवशी मी वन्संबरोबर गेले होते, नाकाला पदर लावून.

"मला फक्त चार खवले काढू द्या. मासा तुम्हीच ठेवा," वन्सं म्हणाल्या.

"आनि खवलं उपटलेला मासा घेनार कोन? लोक म्हनतील शिळा हाय. मासा न्या बाय, खवलं फुकट घ्या."

त्यामुळे रोज अख्खा मासा घेणं आलं. टोपलीतल्या पाण्यातच वन्सं चिमट्याने खवले काढून डब्यातल्या मिठाच्या पाण्यात ठेवत आणि मासा जायचा आमच्या शेजाऱ्यांकडे. हे शेजारी खाण्याचे शौकीन. दोन महिन्यांत त्या घराला विज्ञानाबद्दल इतकी आस्था उत्पन्न झाली की एखाद्या दिवशी वन्संना ताप आला तर कुंपणावरून काळजीचा आवाज येई, "काय हो, आज संशोधन नाही का?"

वन्संना डॉक्टर म्हणतात हे कळल्यावर द्वारकामावशीने दुसऱ्याच आठवड्यात पातळ वर करून गुडघा दाखवला. वन्सं म्हणाल्या, "अहो, मी पेशींची डॉक्टर." मावशी म्हणाली, "मंग गुडघ्यात नसत्यात का त्या?" वन्सं खऱ्या बोलण्याच्या भोक्त्या. "असतात," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली घेऊन गेल्या.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी वन्संना नेलं ही माझी हौस. आंब्याची डाळ हातात घेऊन कोणीतरी सहज विचारलं, तुम्ही काय करता? वन्संनी अर्धा तास सांगितलं. पन्हं कोमट झालं. बायका माना डोलवत होत्या, आणि शेवटी एका बाईने, जिच्या डोळ्यांत पहिल्यापासून चमक होती, विचारलं, "म्हणजे याने पिकलेले केस काळे होतील?" वन्संनी प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला. म्हणाल्या, "माशाचे होऊ शकतील. पण माशाला केस नसतात."

सगळ्यांत मोठा प्रसंग ओढवला तो आमच्या चिरंजीवांच्या मुंजीच्या कॅसेटवर. वन्सं सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावून कणांची हालचाल व्हिडिओ कॅसेटवर घेत. मे महिन्यात पुण्याची मंडळी आली म्हणून मी हौसेने मुंजीची कॅसेट लावली. घाणा झाला, मांडव झाला, मातृभोजनाला माझ्या मांडीशी मुलगा येऊन बसला, मी पहिला घास उचलला, आणि पडद्यावर एकाएकी काळे ठिपके वळवळू लागले. पुण्याच्या आत्याबाई म्हणाल्या, "हे तीळ आहेत का गं?" तेवढ्यात मागून वन्सं किंचाळल्या, "हीच! अगं, हीच ती! मी महिनाभर हुडकतेय!" आणि त्या जमिनीवर पडद्यासमोर फतकल मारून बसल्या. मला रडू यावं की हसू, कळेना. पण त्यांचा चेहरा बघून मी कॅसेट थांबवली नाही. पुण्याच्या मंडळींनी ती मुंज ठिपक्यांसकट शेवटपर्यंत पाहिली.

त्या ठिपक्यांतच वन्संचा खरा प्रश्न होता. थंडीने नळ्या विरघळल्या की कण वाटेतच थांबतात. पुन्हा ऊब दिली, नळ्या उभ्या राहिल्या, की ते थांबल्या जागेवरून पुढे निघतात, की आधी सगळे मध्यावर परत जाऊन नव्याने सुरुवात करतात? बहुतेक जाणकारांचं म्हणणं, परत जातात. वन्संना वाटे, नाही, जिथे असतील तिथूनच निघतात. हे एकदा स्वच्छ दिसायला हवं होतं. त्यासाठी त्या बंदरावरून बर्फ आणत, खवला गार करत, मग हळूहळू ऊब देत. आणि नेमकी ऊब द्यायला लागलं की वीज जाई. दोन वर्षं हे चाललं. त्यांची रजा वाढत गेली, मग बिनपगारी झाली. संस्थेतून फोन येत, त्या 'होतंच आलंय' म्हणत. अखेर एका पावसाळ्यात त्यांना हवी तशी तीन-चार चित्रणं मिळाली. कण थांबल्या जागेवरून निघाले होते. वन्सं न्हाणीघरातून बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्याकडून चक्क दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मग त्या निबंध लिहायला बसल्या.

निबंध जवळजवळ पुरा झाला होता. एका दुपारी त्या स्टँडजवळच्या सायबर कॅफेत मेल बघायला गेल्या आणि लवकर परत आल्या. मी ओटीवर आंबोशी निवडत होते. शेजारी येऊन बसल्या.

"सुमन, माझं उत्तर बरोबर होतं गं."

"मग पेढे आणायचे का?"

"ते उत्तर दुसऱ्या कोणीतरी देऊन टाकलंय. परदेशात. छापूनही आलं. माझ्या एका विद्यार्थ्याने कळवलं."

मी सुपातली आंबोशी उगाच इकडची तिकडे केली. संध्याकाळी हे आले. ह्यांना बहिणीचं संशोधन कधी कळलं नव्हतं, पण बहिणीचा चेहरा कळला. सगळं ऐकून घेतलं आणि टोपी खुंटीला न लावता म्हणाले, "आपण नोटीस देऊ. माझा ओळखीचा वकील आहे."

"कोणाला देणार रे? त्यांनी चोरलं नाही काही. त्यांनाही तेच दिसलं."

"तुला आधी दिसलं ना?"

"दिसलं. पण सांगितलं त्यांनी."

हे बराच वेळ येरझारा घालत राहिले. मग बाहेर गेले आणि जिलबी घेऊन आले. भावाबहिणीने ती एकमेकांकडे न बघता खाल्ली. त्या रात्री वन्संनी जेवण केलं नाही. दाराआडून मी पाहिलं, त्या खाटेवर सरळ बसल्या होत्या, हात मांडीवर. ते हात एरवी कधी स्थिर नसत.

सकाळी उठून पाहते तर वन्सं डोक्याला रुमाल बांधतायत. मी न विचारताच त्या म्हणाल्या, "मासा यायचा थांबलाय थोडाच?" मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघाले. बंदरावर वन्संनी द्वारकामावशीला सांगितलं, की आता मी थोड्या दिवसांत मुंबईला जाईन, काम संपलं. दुसऱ्या कोणी ते आधीच करून टाकलं.

मावशीने हातातला कोयता खाली ठेवला. "करूं दे त्येंना. मी नाय ना बगितलं. माज्या माशाचं काय बगता ता मला एकदा दावा तरी."

आणि खरंच, दुपारी बाजार उठल्यावर मावशी आली. धुवट लुगडं, अंबाड्यावर अबोलीची वेणी. माझ्याकडे बघून म्हणाली, "घरात मासा नाय आनला हां वहिनी, डब्यात फक्त खवलं हायत." वन्संनी काचपट्टी लावली, सूक्ष्मदर्शक जुळवला आणि मावशीला स्टुलावर बसवलं. मावशीने डोळा लावला. आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग ती स्टुलावर पुढे सरकली.

"चालल्यात," ती पुटपुटली. "मुंग्यांवानी. आत येत्यात… आता परत भायेर निगाल्यात." मग डोळा न काढता विचारलं, "आनि मासा?"

"तो गेला. सकाळीच."

"मंग ह्येंना कुनी सांगितलं नाय?"

वन्सं म्हणाल्या, "नाही सांगितलं. मीही नाही सांगत."

मावशीनंतर मी बसले. इतके दिवस घरात असून मी कधी त्यात नीट पाहिलं नव्हतं, कामाचा रगाडाच तसा. उजेडाच्या गोल थाळीत झाडाच्या फांद्या पसराव्यात तशी ती काळी पेशी पसरली होती, आणि तिच्या प्रत्येक फांदीतून ते बारीक कण निघाले होते, घाईत नाही, रेंगाळतही नाही. बाहेर नारळीत वारा होता. आम्ही तिघी आळीपाळीने स्टुलावर बसत राहिलो. हळूहळू कणांची चाल मंदावली. मावशी म्हणाली, "दमल्यात." वन्संनी मान हलवली, पण दिवा मालवला नाही. शेवटचा एक कण फांदीच्या टोकाशी अजून सरकत होता, तो थांबेपर्यंत त्या बघत बसल्या. आम्हीही थांबलो.