डाव्या स्टिअरिंगची पिकअप

२०२० च्या ऑक्टोबरात मी आयर्लंडमध्ये, कॉर्क शहराजवळच्या रिंगास्किडीतल्या एका औषध कारखान्यात बारा बारा तासांच्या शिफ्ट करत होतो. चार दिवस काम, चार दिवस सुट्टी. सुट्टीचा पहिला दिवस झोपण्यात जायचा आणि दुसरा, एवढं झोपूनही थकवा का जात नाही याचा विचार करण्यात. बायको आणि मुलगी फेब्रुवारीत पुण्याला गेल्या होत्या, त्या तिकडेच अडकल्या. सॅनिटायझरनं माझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या. फोनवर बायको विचारायची, "जेवलास का?" मी हो म्हणायचो. कधी ते खरं असायचं.

मी राहायचो ती एका म्हाताऱ्याच्या घराला चिकटून बांधलेली खोली होती. घरमालक ऐंशीच्या पुढचा. तरुणपणी अमेरिकेला गेला, बॉस्टनकडे चाळीसेक वर्षं घरांची छपरं बसवली आणि म्हातारपणी परत आला. बायको वारलेली, मुलगी तिकडेच. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध काळा डाग आला होता. कडेचं थोडं दिसायचं, समोरचं नाही. लायसन्स दोन वर्षांपूर्वीच गेलं होतं.

एका सकाळी त्यानं काठीनं माझ्या खिडकीवर टकटक केलं.

"आज सुट्टी का, बॉय?" कॉर्कमध्ये साठीच्या माणसालाही बॉयच म्हणतात.

"हो."

"डोळे धड आहेत ना तुझे?"

"आहेत."

"मग गॅरेजमध्ये ये. अर्धा तास मला डोळे पाहिजेत."

मला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायला कारण शोधावं लागतं आणि तेवढीही ताकद अंगात नव्हती. मी मास्क लावून गेलो.

त्यानं गॅरेजची दोन्ही दारं उघडी टाकली, स्वतः लांब कोपऱ्यात खुर्चीवर बसला आणि मला ताडपत्री ओढायला सांगितली. खाली हिरवी पिकअप होती. पिकअप म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट वाहणारी गाडी येते. ही वेगळीच होती. मडगार्ड गालांसारखे फुगलेले, पुढचे दिवे गोल, बॉनेट फुगीर. केबिनच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत वळवलेली काच. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. त्यावरून अमेरिकेत भावाभावांचं बोलणं बंद होतं, असं तो म्हणायचा.

ओहायोतल्या एका शेतकऱ्याच्या विधवेकडून त्यानं ती घेतली होती आणि परत येताना जहाजावर चढवून आणली होती. आता ती विकून टाका म्हणून मुलगी मागे लागली होती. विकण्याची गोष्ट बाजूला सारून त्यानं गाडीच्या मागच्या बाजूला काठी रोखली. म्हणाला, "मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला हात लाव. ओलं आहे?"

"आहे."

"वास घे. पेट्रोल की दुसरं काही?"

दुसरंच होतं. ब्रेकचं तेल गळत होतं. "म्हणजे गेलाच," तो म्हणाला. "हिला एकच नळी. एका चाकाशी गळायला लागली की चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन वेगळ्या नळ्या टाकायची अक्कल कंपन्यांना नंतर आली."

अर्धा तास म्हणता म्हणता हिवाळा गेला. पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी होती, तेव्हा माझ्या सुट्टीतले एकदोन तास गॅरेजमध्ये जाऊ लागले. तो खुर्चीतून सांगायचा, मी गाडीखाली पडून करायचो. मोटारीचं मला काही कळत नव्हतं. एकेका नटाला मी पंधरा पंधरा मिनिटं घ्यायचो. तो घाई करायचा नाही. वाट बघताना बोलत राहायचा.

"आधी पिकअप असं काही नव्हतंच. शेतकरी साधी मोटार घ्यायचा, मागचा भाग कापायचा आणि सुताराकडून पेटी बसवून घ्यायचा. कंपन्यांनी ते बघितलं आणि पेटी बसवूनच विकायला लागल्या. मग दुसरं महायुद्ध संपलं, पोरं घरी आली. कुणाला घर बांधायचं होतं, कुणाला शेत उभं करायचं होतं. त्यांच्यासाठी हिचं हे रूप आलं. तिघं खांद्याला खांदा लावून बसतील एवढी केबिन. आत फक्त एक बाक."

मागच्या पेटीत लाकडाच्या फळ्या होत्या आणि त्यांच्यामध्ये लोखंडी पट्ट्या. मी विचारलं, "लाकूड का?"

"फळी तुटली तर शेतकरी दुसरी घालतो. पत्र्याला पोचे पडले तर काय करणार?" मग म्हणाला, "पुढे लाकूड गेलं, पत्रा आला. पेटीच्या बाजू गुळगुळीत झाल्या. रेडिओ आला, गार हवा आली. लोक तिच्यातून चर्चला जायला लागले. ओझ्यासाठी केलेली गाडी रिकामी फिरायला लागली."

एकदा गाडीखालीच मला झोप लागली. जाग आली तेव्हा अंगावर ब्लँकेट होतं आणि तो खुर्चीत तसाच बसला होता. "घोरतोस तू," एवढंच म्हणाला.

फेब्रुवारीत ब्रेक धरू लागला. गाडी सुरू करायची तर चावी फिरवायची आणि ॲक्सिलरेटरच्या वर एक लोखंडी बटण होतं, ते बुटानं दाबायचं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे गिअर उजव्या हातानं टाकायचा. माझा डावा हात सवयीनं गिअर शोधायचा आणि दाराच्या दांडीवर आपटायचा. पेट्रोलची टाकी सीटच्या पाठीमागे, केबिनच्या आतच, त्यामुळे वास सतत नाकात. विम्यात त्यानं माझं नाव घालून घेतलं आणि घरासमोरच्या गल्लीत मला आठदहा वेळा मागेपुढे करायला लावलं.

मार्चमध्ये त्याला लशीसाठी बोलावणं आलं. डॉक्टरांचा दवाखाना शेजारच्या गावात होता.

मी म्हटलं, "माझ्या गाडीतून जाऊ."

"वर्षभरात मी पहिल्यांदा कुठेतरी चाललोय," तो म्हणाला. "तुझ्या त्या डबीतून नाही जाणार."

आदल्या दिवशीच माझी चौथी शिफ्ट संपली होती. पण निघालो. त्यानं टाय बांधला होता.

गावाबाहेर गार्डांचं, म्हणजे इथल्या पोलिसांचं, चेकपोस्ट लागलं. आयर्लंडमध्ये ड्रायव्हर उजवीकडे असतो, म्हणून तरुण गार्ड सरळ उजव्या खिडकीशी गेला आणि म्हाताऱ्याला म्हणाला, "लायसन्स दाखवता का, सर?"

"माझ्याकडे लायसन्स नाही," म्हातारा म्हणाला. "डोळेही नाहीत. स्टिअरिंगही नाही."

गार्डनं आत वाकून पाहिलं आणि हसू लागला. लशीचं पत्र बघण्याआधी त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. "ग्रँड," म्हणाला, म्हणजे सगळं ठीक, आणि हातानं जा म्हणून खूण केली. म्हातारा पुढचा मैलभर खूश होता.

लस घेऊन परतताना चढावर पाऊस लागला. वायपर सुरू केले. जसा मी ॲक्सिलरेटर दाबला तसे ते मंदावले आणि अर्ध्या काचेवर थांबले. मला समोरचं काही दिसेना.

"वायपर थांबले!" मी ओरडलो.

"इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर ते चालतात. चढावर इंजिनकडे त्यांच्यासाठी काही उरत नाही. पाय उचल."

पाय उचलला की वायपर फिरायचे आणि गाडी मंद व्हायची. दाबला की गाडी चढायची आणि काच धुरकट. असं उचलत, दाबत, मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत मी तो चढ चढलो. माझे खांदे दगडासारखे झाले होते. वर आल्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

मग म्हातारा म्हणाला, "खाली बंदर दिसत असेल. काय काय आहे?"

मी सांगितलं. एक मालवाहू जहाज. कारखान्यांच्या पवनचक्क्या, त्यातली एक बंद. पलीकडे कोव्ह गावातल्या कॅथेड्रलचा मनोरा, अर्धा ढगात.

त्यानं मान उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली, डोळ्यांच्या कडेनं काही सापडतं का बघत राहिला. "मला वाटायचं," तो म्हणाला, "हिच्यात बसलो की हा रस्ता तरी दिसेल. सगळा पाठ आहे ना." मग म्हणाला, "चल. घरी गेल्यावर मुलीला फोन लावून दे."

फोनवर तो तिला एवढंच म्हणाला, "गिऱ्हाईक बघ."

जूनमध्ये वेक्सफर्डहून एक बाई आल्या. फुलांची शेती करायच्या. त्यांनी टॉर्च घेऊन गाडीखाली डोकं घातलं आणि विचारलं, "ब्रेक कुणी केलेत?"

"यानं," म्हातारा माझ्याकडे हात करत म्हणाला.

"मी सगळे परत करून घेईन," बाई म्हणाल्या.

"घ्याच," म्हातारा लगेच म्हणाला.

मला थोडं लागलं. मग हसूही आलं. बाईंनी पिकअप ट्रेलरवर चढवली. त्याआधी त्यानं मागच्या पेटीतल्या फळ्यांवरून एकदा हात फिरवला, लाकडाचं कुसळ बोटाला लागतं का बघावं तसा. एका फळीशी थांबून बाईंना म्हणाला, "ही बदलायला झाली." ट्रेलर वळणाआड गेल्यावर तो आत जाऊन चहा करायला लागला. मी मदतीला गेलो तर म्हणाला, चहा करायला डोळे लागत नाहीत.

ऑगस्टमध्ये माझी माणसं परत आली आणि मी दोन खोल्यांचं घर घेतलं. म्हाताऱ्यानं आपलं घर भाड्यानं दिलं आणि केरीला बहिणीकडे राहायला गेला. तिथे कोंबड्या आहेत आणि त्या त्याच्या पायात येतात अशी त्याची तक्रार असते. मी कधीमधी दुपारी फोन करतो. आवाज ऐकला की तो पहिलं विचारतो, "आज सुट्टी का?"

मी हो म्हणतो.

"मग फोन काय करतोस, बॉय? झोप."