एकशे चोपन्नची रेष

लॅपटॉपवर एकच रेष उभी होती, आणि ती माझी असायला हवी होती.

हेमंतच्या घरी, पांढुर्ण्याला, पुढच्या खोलीत बसून मी त्याचा ग्राफ बघत होते. समोर चहा निवत होता. दुसऱ्या दिवशी गावात त्याचा सत्कार होता. चौकात त्याच्या फोटोचा बॅनर लागला होता, 'जिल्ह्याचे भूषण' म्हणून. आता सौंसरही याच जिल्ह्यात येतं आणि मी सौंसरची. म्हणजे माझंही भूषण हेमंतच.

आम्ही दोघं एमएस्सीला एका वर्गात होतो. पुढे तो एका संस्थेत गेला, मी दुसऱ्या. विषय मात्र एकच राहिला: मॉलिक्युलर क्लस्टर, म्हणजे दोन-चार रेणूंचा पुंजका. संत्र्याची साल दाबली की जे तेल डोळ्यात उडतं, त्यातला मुख्य रेणू लिमोनीन. हा रेणू पाण्याच्या रेणूला धरतो का, आणि धरतो तर कुठून, एवढाच आमचा प्रश्न. लोकांना तो बिनकामाचा वाटतो. माझी त्यात तीन वर्षं गेली होती.

दिवाळीला घरी आले, तर आईने पेपर पुढे केला. "पाय, हेमंत आला पेपरात. संत्र्याच्या वासाचा शोध लावला म्हणते त्यानं. तू बी तेच करून राहिली होती ना?"

"हो."

"मग?"

त्याच आठवड्यात आमच्या डायरेक्टरांचा फोन येऊन गेला होता. "अर्चना, दुसऱ्या कोणी आधी पब्लिश केलं तर पुढच्या वर्षी लेझर दुसऱ्या ग्रुपला द्यावा लागेल. पर्सनली घेऊ नका." लेझर गेला की माझं काम बंद. मी ते पर्सनली घेतलं आणि सकाळची बस धरून पांढुर्ण्याला गेले. अभिनंदन करायला जाते, असं आईला सांगितलं. खरं तर त्या रेषेत काही खोट सापडते का, ते बघायला निघाले होते.

आमचं मशीन कसं चालतं ते सांगते. तेलाची वाफ आणि थोडं पाणी आर्गन वायूत मिसळायचं आणि बारीक भोकातून एकदम निर्वात पेटीत सोडायचं. वायू झटकन इतका गार होतो की रेणू एकमेकांना चिकटतात. मग मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणू तोलायचा काटा. लिमोनीनचं वजन एकशे छत्तीस, पाण्याचं अठरा. जोडीचं एकशे चोपन्न. त्या वजनावर नजर ठेवून इन्फ्रारेड लेझर फिरवायचा. तो जिथे शोषला जातो तिथे ग्राफवर रेष येते.

माझ्या ग्राफवर दोन रेषा होत्या, पण इतक्या पुसट की मीच त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघायची. हेमंतची विजेच्या खांबासारखी ताठ.

"मस्त आली आहे," मी म्हटलं.

"हाय ना? मले तर पहिल्या दिवशी झोपच नाई आली," तो म्हणाला. त्याचं हे असंच. हातचं राखून बोलणं त्याला येत नाही, आणि त्यामुळे त्याचा नीट रागही करता येत नाही.

मी रेष पुन्हा पाहिली. पाण्याच्या रेणूला दोन हात असतात. दोन्ही थरथरतात, म्हणून त्या भागात दोन रेषा याव्यात.

"दुसरी कुठे आहे?"

"कमजोर असंन. दिसत नाई."

"पाणी बंद करून पाहिलंस?"

"पायलं. तरी रेष होती. पाईपात ओल राहतेच ना."

ते खरं होतं. पाईपातली ओल काढता काढता आमच्या धंद्यातली माणसं म्हातारी होतात. पण पाणी बंद केल्यावर रेष थोडी तरी खचायला हवी होती. त्याची केसभरही हलली नव्हती.

तेवढ्यात त्याचे वडील आतून आले. गावातले संत्र्याचे बागायतदार. म्हणाले, "पोरी, हे तर कायीच नाई. इकत घेतलेलं तेल नाई वापरलं यानं. आपल्या बागेतल्या सालीचं काढून नेलं. सत्कारात हेच सांगाले लावलं मी त्याले."

मी हेमंतकडे बघितलं. तो लाजून हसत होता. "बाबाची लय इच्छा होती."

कंपनीच्या सीलबंद बाटलीत नुसतं लिमोनीन असतं. बागेतल्या तेलात मात्र चिमूटभर लिनालूलही असतं. तोही वासाचाच रेणू. मी मनात बेरीज केली आणि हातातला कप खाली ठेवला. लिनालूलचं वजन एकशे चोपन्न. अणू तेच, संख्याही तीच. लिमोनीन अधिक पाणी आणि एकटं लिनालूल, काट्याला यात काडीचा फरक कळत नाही. आणि लिनालूलला तसा हात एकच. म्हणून रेष एकच.

त्याचा शोध म्हणजे पुंजका नव्हताच. तो एकटा उभा असलेला दुसराच रेणू होता. हे आमच्या भागातल्या माणसालाच जमावं. बाहेरच्या कोणी इतक्या प्रेमाने घरचं तेल नेलं नसतं.

आता गप्प बसले असते, तर झालं होतं. तो सत्कारात बोलला असता, जर्नलमध्ये पेपर छापला असता, मग कोणीतरी परदेशातून त्याचे वाभाडे काढले असते. माझं नावही कुठे आलं नसतं. पण मला तेवढा धीर नव्हता. त्याचं पडलेलं तोंड मला आत्ताच बघायचं होतं.

"हेमंत, लिनालूलचं वजन काढ."

त्याने काढलं. तोंड पडलं, अगदी मला हवं तसं. वडील एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. "काय झालं बाप्पा?" मला मनापासून बरं वाटत होतं.

ते बरं वाटणं चहा संपेपर्यंतही टिकलं नाही. हेमंतने मान वर केली.

"अर्चना, मंग एकशे बहात्तरवाली?"

एकशे बहात्तरलाही त्याला रेषा मिळाल्या होत्या. लिमोनीन आणि पाण्याचे दोन रेणू, असं त्याने धरलं होतं. पण लिनालूल अधिक एक पाणी, तेही एकशे बहात्तरच. आणि पाणी बंद केल्यावर या रेषा गेल्या होत्या. म्हणजे हा खरा पुंजका होता, लिनालूल आणि पाण्याचा. तो आमच्यापैकी कोणी तोवर पाहिलेला नव्हता. मी त्याची चूक धरून इतकी खूश होते की पुढची बेरीज मला सुचलीच नाही. ती त्याला सुचली.

दुसऱ्या दिवशी त्याने स्टेजवर सगळं सांगून टाकलं. "माझी चूक सौंसरच्या या मॅडमनं पकडली," म्हणाला, आणि मला उभं केलं. टाळ्या कडाडल्या, पण त्याच्या मनाच्या मोठेपणाला. मला एक नारळ मिळाला.

त्याने शुद्ध लिनालूल आणून सगळे प्रयोग पुन्हा केले. त्याचा पेपर अशा जर्नलमध्ये आला की जिथून मी दोनदा परत आले आहे. शेवटच्या ओळीत माझे आभार आहेत. लिमोनीनचं मैदान मोकळं झालं, म्हणून माझ्या दोन पुसट रेषाही छापून आल्या, एका साध्या जर्नलमध्ये. लेझर माझ्याकडेच राहिला. डायरेक्टर म्हणाले, "हेमंतसोबत कोलॅबोरेट का नाही करत?"

मत्सर करायला माझी ना नाही. चूक शोधायला मत्सराइतका चांगला चष्मा मला अजून मिळालेला नाही. पण करायचा तर दम धरून करावा. घाई केली की समोरच्याचं भलं होतं.