आण्णा थांबायला शिकतात

लेथखाली लोखंडाचा कीस साचतो, तसे वर्कशॉपमध्ये किस्से साचतात. दोन्ही वेळच्या वेळी झाडले नाहीत तर पायात रुततात. पुढील बहुतेक किस्से मी लेथ चालवणाऱ्या बाबू टर्नरकडून ऐकले, तेव्हा मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. नव्वदच्या दशकाची अखेर, दिवाळीनंतरचा पहिला सोमवार, दुपारची वेळ. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या त्या वर्कशॉपच्या माळ्यावर मी भाड्याने राहत असे. त्यामुळे पहिले दोन प्रसंग माझ्या डोळ्यांदेखतचे आहेत. उरलेल्यांची जबाबदारी संपूर्णपणे बाबूची!

*

सॅमसन मिस्त्री मिलिंग मशीनवर काम करीत. मूळचे कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे ज्यू. पाण्याचा घोट असो की शेंगदाणा, तोंडात घालण्यापूर्वी ते क्षणभर डोळे मिटत आणि हिब्रूतून एका ओळीत देवाचे आभार मानत.

इंजिनाचा पार्ट न्यायला शिरोळहून आलेल्या एका शेतकऱ्याने चहाच्या वेळी हे पाहिले.

"काय ओ पावणं, च्यात माशी पडली काय?"

"नाही हो," मिस्त्री म्हणाले, "चहा केव्हाच आलाय. मीच यायचा होतो!"

*

मालक आण्णा याच्या नेमके उलट. त्यांचा संताप दोन गल्ल्या ओलांडून ऐकू जाई. त्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "असेच भडकत राहिलात, तर पुढच्या झटक्याला माझा इलाज नाही."

आण्णा पुन्हा कामावर आले, त्या दिवशी त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, स्वतः वर्कशॉपमध्ये हजर!

"मिस्त्रीदादा, तुमचं ते थांबायचं ह्यास्नी शिकवा. माझं कुकू आता तुमच्या हातात हाय!"

मिस्त्रींनी आण्णांना स्टुलावर बसवले. "डोळे मिटा. जिथं बसलाय, तिथंच राहा. मनानंसुद्धा."

अर्धे मिनिट गेले. मग आण्णा गरजले, "बाबू, ग्राइंडर बंद कर की रं! देवाला ऐकू जाईना झालंय!"

*

शौचाहून आल्यावर, हात धुऊन म्हणावयाची प्रार्थनाही ज्यूंमध्ये आहे. शरीरातल्या वाटा उघडायच्या तिथे उघडल्या, मिटायच्या तिथे मिटल्या, त्यातली एकही बिघडली असती तर मी उभा राहू शकलो नसतो, असा तिचा साधारण आशय.

आण्णांना ही मात्र ताबडतोब पटली. "आरं, ह्यो तर सगळा व्हॉल्वचा मामला हाय!"

तेव्हापासून संडासाचे दार उघडताच ते जाहीर करीत, "देवा, सगळे व्हॉल्व ओक्के!"

आणि शेजारच्या वर्कशॉपमधून कोणीतरी ओरडे, "अभिनंदन, आण्णा!"

*

मिस्त्रींच्या भावाने इस्राएलहून एक पुस्तिका पाठवली होती. एकट्याने शेतात जावे आणि मनातले सगळे आपल्याच भाषेत, मोठ्याने देवाला सांगावे, असे तीत लिहिले होते. आण्णांचा ऊस शिरोळला. बाबूने त्यांना स्कूटरवरून नेले आणि तो स्वतः बांधावर थांबला.

आण्णा उसात शिरले. "देवा, माझा चुलतभाऊ दर साली बांध वीतभर सरकवतोय. त्येचं तोंड बघितलं की माझं डोस्कं फिरतंय. तूच बघ आता!"

उसातून आवाज आला, "आण्णा, देवाशप्पत, ह्या साली न्हाय सरकवला!"

चुलतभाऊ पलीकडच्या सरीत पाणी पाजत होता.

"तू गप रं!" आण्णा कडाडले. "मी तुझ्यासंगं बोलत न्हाय!" आणि उरलेली तक्रार त्यांनी देवाला सविस्तर ऐकवली.

*

त्यानंतरच्या एका शुक्रवारी सकाळी मिस्त्रींनी शेवटचा उपाय काढला. "आण्णा, शिवी द्यायला माझी हरकत नाही. फक्त आधी त्या माणसातला एक गुण शोधायचा, त्याबद्दल देवाचे आभार मानायचे, मग शिवी."

तासाभरात बाबूने ड्रिल मोडले. आण्णा लालबुंद झाले, डोळे मिटले. "बाबू... बाबू येळेवर येतोय. देवा, आभार!"

"आण्णा," बाबू प्रामाणिकपणे म्हणाला, "आज उशीरच झालता."

शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस सुरू होतो. म्हणून त्याआधीच मिस्त्री नेहमीप्रमाणे घरी गेले. ते गेले आणि पुण्याचे एक गिऱ्हाईक दारात! त्याने सगळा माल नापास केला, पेटीला लाथ मारली आणि विचारले, "हे भंगार बनवणारा तुमचा मिस्त्री कुठाय? देवाला भेटायला गेला का?"

सगळ्यांनी मशिने बंद केली. आण्णांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. बाबूने धावत जाऊन आण्णांच्या घरी फोन लावला, "वैनी, लगोलग या! आण्णा पेटाय लागल्यात!"

तो परतला तेव्हा आण्णा स्टुलावर डोळे मिटून बसले होते. एक मिनिट गेले. पाच गेली. हालचाल नाही! घाबरून बाबूने त्यांच्या नाकापुढे बोट धरले.

"हात काढ," आण्णा डोळे न उघडता म्हणाले. "अजून ह्येचा गुण घावंना!"

गिऱ्हाइकाचा चेहरा उतरला. बाबूने त्याला मिस्त्रींचा नियम समजावून सांगितला आणि दुसरे स्टूल पुढे सरकवले.

वहिनी रिक्षातून उतरून धावत आत आल्या. दोन इसम गुडघ्याला गुडघा लावून, डोळे घट्ट मिटून, कपाळाला आठ्या घालून समोरासमोर बसलेले!

"आगं बया, हे काय करालेत?"

"दोघंबी येकमेकाचा गुण शोधालेत, वैनी," बाबू हळूच म्हणाला. "बोलू नगासा."

त्या दोघांपैकी आधी डोळे कोणी उघडले, याची खात्री मला आजतागायत करता आलेली नाही.