भोपळ्याच्या मागच्या दाढा

कवळीकाकांच्या हाताखालून तीस वर्षांत किती तोंडं गेली, ते त्यांनाच ठाऊक. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि काका घराच्या पुढच्या खोलीत बसून गुलाबी हिरड्या घडवायचे, दात बसवायचे, टोचणारी जागा घासून गुळगुळीत करायचे. आपली कवळी लावून माणूस कडक पाव खातो, हा त्यांचा मोठा अभिमान, आणि तो पोटात ठेवायची त्यांना सवय नव्हती. स्वतःच्या घरात मात्र कडक पाव येत नसे. बायकोला मऊच आवडतं, असं ते सांगत.

मुलगी नोकरीसाठी परगावी गेली तेव्हा तिचा ससा मागे राहिला. त्याचं नाव भोपळ्या, आणि एके काळी ते त्याला शोभायचंही. अंगावर दाट केस, त्यामुळे तो आतून खंगत चाललाय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. एक दिवस बायकोने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती थांबली.

"अहो, याचा कणा हाताला लागतोय. आणि हा एकाच बाजूने चावतो."

काकांनी सशाचा ओठ वर करून पाहिलं. पुढचे दात सरळ, पांढरे, एकमेकांवर नीट बसलेले. "दातांचं तू मला नको सांगूस," ते म्हणाले, आणि विषय मिटला. मग त्यांनी स्वतःची अक्कल चालवली. बिस्किटं झाली, केळं झालं, दुधातला पाव झाला. भोपळ्या मऊ तेवढं खाई, गवताला तोंड लावत नसे. त्याचं पोट बिघडलं आणि वजन आणखी उतरलं. एका सकाळी त्याने केळंही हुंगून सोडलं, तेव्हा काकांचं धाबं दणाणलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात उजेड टाकून पाहिलं. "मागच्या दाढांना टोकं आलीत, जीभ कापली जातेय. सशाचे दात जन्मभर वाढतात, गवत चावूनच झिजतात. बरेच आठवडे हा दुखणं सोसतोय."

हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, ही म्हण काका गिऱ्हाइकांना हसत ऐकवायचे. आता ती त्यांच्यावरच उलटली होती. बाईंनी भूल देऊन टोकं घासली आणि काका बाहेरच्या बाकावर आपले रिकामे हात बघत बसले.

वजन भरलं एक किलो चारशे वीस ग्रॅम. हवं होतं एकोणीसशे. "घाई करायची नाही," बाईंनी बजावलं. "बिस्किटं, केळी, पाव बंद. सुकं गवत सतत समोर. ही पावडर पाण्यात कालवून सिरिंजने थोडी थोडी द्या, रोज सकाळी वजन करा. अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही, तर वाट न बघता इकडे आणा."

स्वयंपाकघरातल्या काट्यावर भोपळ्या रोज बसू लागला. चौदाशे दहा. चौदाशे पाच. पुन्हा चौदाशे पाच. काका सिरिंज धरत, तो मान फिरवी. "खा रे बाबा," ते म्हणत, कधी चिडून, कधी रडकुंडीला येऊन. उभ्या आयुष्यात त्यांना इतकं हतबल वाटलं नव्हतं. सगळं सांगितल्याप्रमाणे चाललं होतं, आणि त्यापलीकडे त्यांच्या हातात काही म्हणजे काही नव्हतं.

नवव्या दिवशी काटा चौदाशे तीसवर गेला. खाली उतरताच भोपळ्याने गवताची एक काडी ओढली आणि कुरुकुरु चावायला लागला. बायको टेबलाशी दुधात पाव बुडवत होती.

"आता दोन्ही बाजूंनी चावतोय," ती म्हणाली.

"तुला तेव्हा कसं गं कळलं?"

"मीही तशीच चावते ना. डावीकडे टोचतं. तुम्ही माझी कवळी केलीत तेव्हापासून."

काका खाली बसले. "अकरा वर्षं? अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते, पहिल्याच महिन्यात. तुम्ही समोरून बघितलंत आणि म्हणालात, दातांचं तू मला नको सांगूस."

"काढ. दे इकडे. पाच मिनिटांचं काम आहे."

"राहू द्या आता," ती शांतपणे म्हणाली. "सवय झालीय."

काकांचा हात तसाच पुढे राहिला. तिने भिजलेला घास उचलला आणि उजवीकडून चावू लागली.